डोंगराच्या पोटातली बारीक कुरकुर



पाटण तालुक्यातील एका भगिनीचे पत्र आले आहे. त्या लिहितात, ‘‘रात्री-अपरात्री भांडी वाजतात, फळीवरचा डबा सरकतो, पोरे दचकून उठतात. आमच्या सासूबाई म्हणतात, कोयनेचे नेहमीचेच आहे, झोपा. पण शेजारचे एक शिकलेले गृहस्थ सांगतात की सह्याद्रीचा काळा दगड म्हणजे थिजलेला लाव्हा आहे, खाली ज्वालामुखी आहे आणि हे बारके धक्के म्हणजे तो जागा होत असल्याची खूण आहे. हे खरे का? आणि खरे नसेल तर आमच्या घराच्या तडकलेल्या भिंतीचे काय करावे?’’

ताई, भिंतीचा प्रश्न मोठा आहे, त्याला पुरी जागा हवी. तो पुढच्या अंकात घेऊ. ज्वालामुखीचे मात्र आजच निकालात काढतो.

तुमच्या शेजारच्या गृहस्थांचे निम्मे बरोबर आहे. आपला काळा कातळ हा लाव्हाच आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीला पडलेल्या लांबच लांब भेगांतून तो थरावर थर वाहत आला आणि थिजला. आपण ज्या पाट्यावर मिरची वाटतो तो पाटादेखील त्याच दगडाचा. पण त्या चुलीतला विस्तव केव्हाच विझला. कोयनेच्या खाली आज शिलारस नाही. तिथले धक्के येतात ते खोल खडकातल्या जुन्या भेगा सरकल्यामुळे, आणि धरणात साठणाऱ्या-उतरणाऱ्या पाण्याचा भार व दाब त्याला निमित्त होतो, असे शास्त्रज्ञ सांगतात. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा मोठा भूकंप त्याच जातीचा. म्हणजे ज्वालामुखीची भीती सोडा, भिंतीची सोडू नका.

पण तुमच्या पत्रामुळे दुसरा एक प्रश्न डोक्यात घोळत राहिला. जिथे डोंगराखाली खरोखरच विस्तव जिवंत आहे, तिथेही सुरुवातीला असेच बारके धक्के येतात. मग तिथली माणसे कसे ओळखतात? कोणता धक्का म्हणजे नुसती कुरकुर आणि कोणता म्हणजे ‘उठा, पोरे घ्या आणि निघा’? हे ओळखण्याचे काम एका ठिकाणी फार थोड्या दिवसांत, फार थोड्या साधनांनिशी केले गेले. ती हकिकत आज सांगतो.

फिलिपाइन्स हा आपल्या पूर्वेला, समुद्रापलीकडचा बेटांचा देश. त्यातल्या ल्युझॉन बेटावर, राजधानी मनिलापासून वायव्येला सुमारे नव्वद किलोमीटरवर पिनाटुबो नावाचा डोंगर आहे. १९९१ पूर्वी त्याची उंची १७४५ मीटर होती, म्हणजे आपल्या कळसूबाईपेक्षा शंभर मीटर जास्त. अंगावर गर्द जंगल. चित्रातल्या ज्वालामुखीसारखा ना निमुळता आकार, ना माथ्यावर धूर. एका बाजूला थोडी गरम वाफ निघे, एवढेच. मागचा मोठा उद्रेक होऊन सुमारे पाचशे वर्षे झाली होती आणि त्याची लेखी नोंद कुठेही नव्हती. भोवतालच्या सखल भागात भातशेती, गावे, बाजाराची शहरे. सगळी मिळून दहा लाखांच्या आसपास वस्ती. पायथ्याजवळ अमेरिकेच्या हवाई दलाचा क्लार्क नावाचा मोठा तळ होता.

डोंगराच्या अंगावर राहत होते ते एटा लोक. हे त्या बेटांवरचे फार जुने रहिवासी समजले जातात. बुटके, काळे, कुरळ्या केसांचे. नंतर आलेल्यांनी सपाटीवरच्या जमिनी घेतल्या आणि हे वर सरकत गेले. जंगल साफ करून कंदमुळे लावायची, शिकार करायची, कधीमधी खाली बाजाराला यायचे. बाजारात त्यांना कोणत्या नजरेने पाहिले जाई ते आपल्या वाचकांना वेगळे सांगायला नको. सुमारे वीस हजार एटा पिनाटुबोच्या उतारांवर राहत होते. सपाटीवरच्या लोकांना तो नुसता डोंगर होता. एटांना त्याचा प्रत्येक ओढा माहीत होता.

१६ जुलै १९९० रोजी ल्युझॉनमध्ये मोठा भूकंप झाला. दीड हजारांहून अधिक माणसे मेली. त्याचे केंद्र पिनाटुबोपासून शंभर किलोमीटरच्या आसपास होते. काही आठवड्यांनी डोंगरावरची वाफ वाढल्याची वर्दी आली. तज्ज्ञ जाऊन पाहून आले, दरड कोसळलेली आढळली, विषय तिथेच थांबला. यात कोणाला दोष देण्यात अर्थ नाही. पाचशे वर्षे जो बोलला नाही तो आता बोलेल असे कोणाला वाटणार?

मग २ एप्रिल १९९१. दुपारी डोंगराच्या उत्तर अंगाला एकामागून एक स्फोट झाले. सुमारे दीड किलोमीटरच्या रांगेत जमीन फाटून वाफ उसळू लागली. झाडे पांढरी पडली, खालच्या वाड्यांवर धूळ बसली. एटांमध्ये काम करणारी एक नन आणि काही एटा माणसे ही बातमी घेऊन सरकारच्या ज्वालामुखी व भूकंप संस्थेकडे गेली. ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. पहिली खबर यंत्राने दिली नाही, कारण तिथे यंत्रच नव्हते. ती दिली डोंगरावर राहणाऱ्या, अंगठाबहाद्दर म्हणून हिणवल्या जाणाऱ्या माणसांनी. आणि या वेळी कार्यालयाने त्यांना बाहेरच्या बाकावर बसवून ठेवले नाही. संस्थेचे प्रमुख रेमुंदो पुनोंगबायान यांनी माणसे आणि यंत्रे पाठवली. तीनच दिवसांत, ५ एप्रिलला, पिनाटुबोजवळ पहिले भूकंपमापक यंत्र बसले.

सुई हलू लागली ती थांबेना. दिवसाला शेकड्यांनी धक्के. बहुतेक इतके बारके की तिथे उभ्या असलेल्या माणसालाही कळणार नाहीत.

आता हे यंत्र काय करते ते समजून घेऊ. आतली युक्ती सोपी आहे. एक वजन स्प्रिंगवर टांगलेले असते. जमीन हलली की यंत्राची पेटी जमिनीबरोबर हलते, पण जड वजन जागेवर राहू पाहते. एस. टी. एकदम सुटली की आपण मागे पडतो, तसे. पेटी आणि वजन यांच्यातला हा फरक विजेच्या सूक्ष्म प्रवाहात बदलतो, तो रेडिओने दूर खोलीत पोहोचतो आणि तिथे सावकाश फिरणाऱ्या नळकांड्यावर गुंडाळलेल्या कागदावर सुई रेघ काढते. जमीन शांत असेल तर रेघ सरळ. धक्का आला की करवतीच्या दात्यांसारखी. आज ही रेघ संगणकाच्या पडद्यावर उमटते, पण १९९१ साली पिनाटुबोच्या खोलीत अशी नळकांडी फिरत होती आणि माणसे रात्रभर त्यांच्यासमोर बसून होती.

धक्का नेमका कुठे झाला हे कसे कळते? पावसाळ्यात वीज चमकली की आपण गडगडाट येईपर्यंत आकडे मोजतो. जितका उशीर तितकी वीज लांब. भूकंपाच्या लहरीही दोन जातीच्या असतात, एक वेगाने धावणारी आणि एक मागून येणारी. दोघींच्या येण्यात एक सेकंदाचे अंतर असेल तर धक्का साधारण आठ किलोमीटरवर. एका यंत्रावरून नुसते अंतर कळते. तीन-चार यंत्रे वेगवेगळ्या बाजूंना असली की जागा कळते आणि खोलीही कळते. म्हणून एकच भारी यंत्र उपयोगाचे नाही, डोंगराभोवती जाळे हवे.

जाळे विणायला अमेरिकेच्या भूवैज्ञानिक खात्याची एक छोटी तुकडी एप्रिलच्या अखेरीस आली. क्रिस न्यूहॉल त्यात होते, त्यांनी पूर्वी फिलिपाइन्समध्ये काम केलेले होते. दोन्ही देशांच्या माणसांनी मिळून सात ठिकाणी यंत्रे पुरली आणि क्लार्क तळावरच्या एका घरात आपले ठाणे मांडले.

आता खरा प्रश्न. एवढे धक्के मोजून काय कळते?

सुटा धक्का काही सांगत नाही. तो दोन प्रतीचा की अडीच प्रतीचा, यालाही फारसा अर्थ नसतो. (प्रतीच्या आकड्यांबद्दल एक घोटाळा नेहमी होतो. दोनाचे तीन झाले म्हणजे दीडपट नव्हे. सुईची झेप दसपट होते आणि सुटणारी ऊर्जा तीसपटीहून अधिक.) शास्त्रज्ञ पाहतात ते वेगळेच. धक्के वाढतात की घटतात? खोल आहेत की वर सरकताहेत? एकाच जागी आहेत की जागा बदलताहेत? आणि धक्क्याचा आवाज कसा आहे?

आवाज म्हणजे रेघेची जात. शिलारस वर येताना आजूबाजूच्या थंड, कडक खडकाला ढकलतो. खडक फुटतो. तो धक्का टोकदार, सुके लाकूड मोडल्यासारखा, आला आणि गेला. दुसऱ्या जातीचा धक्का सावकाश लयीचा असतो. चाळीत पहाटे नळाला पाणी येण्याआधी पाइपात हवा कशी घुमते? घूंऽ घूंऽ. ते ऐकून आपल्या माता-भगिनी हंडे लावतात, कारण पाणी अजून दिसले नसले तरी आत काहीतरी सरकते आहे हे त्यांना कळते. खडकाच्या भेगेतून वायू किंवा पातळ शिलारस सरकतो तेव्हा भेग अशीच घुमते. तिसरी आहे सततची थरथर, उकळत्या भाताच्या पातेल्यावर झाकण थडथडते तशी. ती सुरू झाली की सुई थांबतच नाही.

फुटणारा खडक म्हणजे आत रेटा आहे. घुमणारी भेग म्हणजे आत काही वाहते आहे. थडथडणारे झाकण म्हणजे उकळी जवळ आली. एवढे कळले तर अर्धे काम झाले. पण अर्धेच. कारण ज्वालामुखी काही शाळेचा घंटावाला नाही. कित्येकदा शिलारस थोडा वर येतो, खडक फोडतो, महिना-दोन महिने सुई नाचवतो आणि आतच थिजून बसतो. बाहेर काहीच होत नाही.

पिनाटुबोच्या खोलीत बसलेल्यांच्या डोक्यावर दोन जुन्या आठवणी टांगलेल्या होत्या. पहिली ग्वादलूप बेटावरची. १९७६ साली तिथला सूफ्रिएर ज्वालामुखी कुरकुरला, वाफेचे स्फोट झाले. शास्त्रज्ञांमध्येच जोरदार भांडण लागले, एक म्हणे धोका, दुसरा म्हणे काही नाही. सत्तर हजारांहून अधिक माणसांना घरेदारे सोडून महिनोन्‌महिने बाहेर राहावे लागले. मोठा उद्रेक झालाच नाही. रोजंदारीवर पोट असलेल्या माणसाला अशी हकालपट्टी म्हणजे काय, हे कागदावरच्या आकड्यात दिसत नाही.

दुसरी आठवण कोलंबियातली. नेवादो देल रुइझ हा बर्फाच्छादित ज्वालामुखी १९८४ च्या अखेरीपासून बारके धक्के देत होता. ऑक्टोबर १९८५ मध्ये धोक्याचा नकाशा तयार झाला. आर्मेरो हे गाव त्या नकाशात चिखलाच्या वाटेवर दाखवलेले होते. १३ नोव्हेंबरच्या रात्री नऊनंतर उद्रेक झाला, तसा लहानच, पण बर्फ वितळले आणि चिखलाचा लोंढा दरीतून निघाला. तो आर्मेरोला पोहोचायला दोन तासांहून अधिक वेळ लागला. दोन तास! जवळच्या टेकाडावर चढायला तेवढा वेळ भरपूर होता. गाव हलवले गेले नाही. त्या एका रात्रीत सुमारे तेवीस हजार माणसे गेली. पिनाटुबोवर आलेली अमेरिकन तुकडी ही आर्मेरोच्या धक्क्यातूनच पुढच्या वर्षी उभी राहिली होती.

म्हणजे लवकर ओरडावे तर ग्वादलूप, उशिरा ओरडावे तर आर्मेरो.

मे महिना असा गेला. धक्के चालूच, पण बहुतेक शिखराच्या वायव्येला पाच किलोमीटरवर. वाफेची भोके होती तिथे नव्हेत. याचा अर्थ लावणे कठीण होते. पुनोंगबायान यांच्या संस्थेने १३ मे रोजी पाच पायऱ्यांची इशारा-पद्धत जाहीर केली. सोपी, आकड्यांची. तीन म्हणजे दोन आठवड्यांत उद्रेक संभवतो, चार म्हणजे चोवीस तासांत, पाच म्हणजे सुरू झाला. त्याच सुमारास विमानातून डोंगराच्या वाफेतला गंधकाचा वायू, म्हणजे सल्फर डायऑक्साइड, मोजायला सुरुवात झाली. १३ मे रोजी दिवसाला पाचशे टन. २८ मे रोजी पाच हजार टनांवर. हा वायू नुसत्या पाण्याच्या वाफेतून येत नाही, ताज्या शिलारसातून येतो. म्हणजे आत नवा माल आला होता.

मग वायू एकदम घटला. जूनच्या पहिल्या आठवड्यात तीनशे टनांच्याही खाली. खालच्या गावांतून हायसे वाटल्याचा सूर आला. शास्त्रज्ञांना मात्र घाम फुटला. आपल्या घरातला प्रेशर कुकर आठवा. खाली गॅस चालू आहे, शिट्टीतून वाफ येत होती आणि ती एकाएकी थांबली, तर शहाणी बाई त्या कुकरजवळ उभी राहत नाही. वाट बंद झाली आहे, दाब आत साठतो आहे. आणि त्याच दिवसांत धक्क्यांनी जागा बदलली. १ जूनपासून दुसरा झुबका थेट वाफेच्या भोकांखाली, अगदी वरच्या थरात दिसू लागला.

पण लोकांना हे पटवायचे कसे? डोंगर हिरवागार उभा. धक्के तर जाणवतही नाहीत. कोणी म्हणे, जमीन बळकावण्यासाठी हाकलताहेत. बऱ्याच एटांची समजूत होती की डोंगरावर पूर्वी भूगर्भातली उष्णता शोधण्यासाठी भोके पाडली, म्हणून त्यांचा देव आपो नामाल्यारी कोपला. या समजुतीला हसण्याआधी एवढे लक्षात घ्या की डोंगरात काहीतरी बिनसले आहे हे त्यांना सर्वांच्या आधी कळले होते. कारण चुकीचे लावले असेल, पाहणे चुकीचे नव्हते.

शेवटी उपयोगी पडली ती एक व्हिडिओ कॅसेट. मोरिस आणि कातिया क्राफ्ट हे फ्रेंच दांपत्य जन्मभर ज्वालामुखींच्या मागे फिरले. त्यांनी धोके समजावणारी एक फिल्म तयार केली होती, तिची कच्ची प्रत पिनाटुबोला आणली गेली. तापलेल्या राखेचे ढग डोंगरावरून कसे धावतात, चिखल गाव कसे गिळतो, आर्मेरोचे काय झाले. अधिकारी, शिक्षक, विद्यार्थी, गावकरी, सगळ्यांना ती दाखवली. आकड्यांनी जे झाले नाही ते चित्रांनी केले. हे क्राफ्ट दांपत्य स्वतः ३ जून १९९१ रोजी जपानच्या उन्झेन ज्वालामुखीवर, तसल्याच एका राखेच्या ढगात मृत्यू पावले. पिनाटुबोचे पुढे काय झाले ते त्यांना कळले नाही.

पुढचा आठवडा भराभर गेला. ५ जूनला इशारा तीनवर, ७ जूनला चारवर. डोंगराच्या अंगावर लाव्हाचा गोळा वर आलेला दिसला. ९ जूनला पाच. वीस किलोमीटरच्या आतली वस्ती हलवायला घेतली. १० जूनला क्लार्क तळावरची साडेचौदा हजार माणसे, बायकापोरांसह, गाड्यांच्या रांगेने सुबिक बंदराकडे निघाली. शास्त्रज्ञ सुयांसमोर मागे राहिले. १२ जूनला सकाळी पावणेनऊच्या सुमारास पहिला मोठा स्फोट झाला, राखेचा खांब एकोणीस किलोमीटर वर गेला. वर्तुळ वीसवरून तीस किलोमीटरचे झाले. आता कोणाला समजावण्याची गरज उरली नव्हती. १४ जूनपर्यंत पन्नास हजारांहून अधिक माणसे बाहेर निघालेली होती.

१५ जून. त्याच दिवशी युन्या नावाचे चक्रीवादळ बेटावर आले. एवढा योगायोग नाटकात दाखवला तर आपण लेखकाला नावे ठेवू. भर दुपारी काळोख, वरून पाऊस, पावसात राख. दुपारी पावणेदोनच्या सुमारास मुख्य उद्रेक सुरू झाला. डोंगराभोवती पुरलेली यंत्रे एकामागून एक मुकी झाली, खोलीतल्या सुया एकेक करून सपाट रेघ काढू लागल्या. शेवटी एकच यंत्र जिवंत उरले. उरलेल्या शास्त्रज्ञांनीही तळ सोडून पळ काढला. राख पस्तीस किलोमीटर उंच गेली. डोंगराचा माथा खचून अडीच किलोमीटर रुंद खड्डा पडला आणि पिनाटुबो अडीचशे मीटरहून अधिक बुटका झाला. विसाव्या शतकातला हा दुसऱ्या क्रमांकाचा उद्रेक. पुढची एक-दोन वर्षे साऱ्या पृथ्वीचे सरासरी तापमान सुमारे अर्ध्या अंशाने उतरले, ते त्या वायूच्या पडद्यामुळे.

माणसे किती वाचली? शास्त्रज्ञांचा अंदाज किमान पाच हजार. बारक्या धक्क्यांच्या दहा आठवड्यांच्या मोजणीचे हे फळ.

आणि गेली किती? आठशेच्या वर. हा हिशोब नीट पाहायला हवा. जवळपास तीनशे माणसे छपराखाली मेली. पावसाने भिजलेली राख ओल्या सिमेंटसारखी जड होते, तिच्या भाराने छपरे बसली. यातली कित्येक माणसे आसऱ्याला म्हणून त्या छपराखाली गेली होती. काही एटा डोंगर सोडायला तयार नव्हते, ते तिथेच राहिले. आणि सर्वांत जास्त मृत्यू झाले ते उद्रेकानंतर, निर्वासितांच्या छावण्यांत. गोवर, हगवण, न्यूमोनिया. मेलेल्यांत बहुतेक एटा होते आणि त्यांत लहान मुले फार. डोंगरावर विखरून राहणारी ही माणसे दाटीवाटीच्या तंबूंत आली. गोवराशी त्यांच्या पोरांच्या अंगाची ओळख नव्हती. अनोळखी डॉक्टर, अनोळखी सुई, अनोळखी भाषा, म्हणून पुष्कळांनी लस टोचून घेतली नाही. ज्वालामुखीच्या सुईवर जेवढे कष्ट घेतले, त्याच्या निम्मे जरी या दुसऱ्या सुईवर आधीपासून घेतले असते तर? दहा आठवडे हाताशी होते. डोंगराखाली काय चालले आहे ते तासातासाला मोजले जात होते. छावणीत किती पोरांना ताप आहे हे मोजणारे यंत्र कोणी पुरले नव्हते.

राखेचा चिखल पुढे कित्येक पावसाळे नद्यांतून खाली येत राहिला, गावेच्या गावे पुरत राहिला. ती एक वेगळी लांबलचक कहाणी आहे, इथे मावणार नाही. हजारो एटा पुनर्वसनाच्या वसाहतींत गेले, काही वर्षांनी कित्येक पुन्हा डोंगराकडे परतले. तिथे आता खड्ड्यात निळे तळे झाले आहे. ते पाहायला लोक येतात आणि वाट दाखवायला एटा असतात.

सुया अजून चालूच आहेत. जानेवारी २०२१ मध्ये पिनाटुबोखाली पुन्हा बारके धक्के दिसू लागले. दीड महिन्यात सतराशेहून अधिक, एकही माणसाला जाणवला नाही. मार्चमध्ये इशारा शून्यावरून एकवर नेला. एक म्हणजे घाबरू नका, पण खड्ड्यात उतरू नका. नंतर धक्के ओसरले, ऑगस्टमध्ये इशारा पुन्हा शून्यावर आणला. आणि ३० नोव्हेंबरला, इशारा शून्यावर असताना, तळ्यातून वाफेचा छोटासा स्फोट झाला. काही मिनिटांत संपला. वाढलेल्या धक्क्यांमागून काही आले नाही, आणि आले तेव्हा सुईने फारसे काही सांगितले नव्हते. तिथल्या संस्थेने जे घडले ते जसेच्या तसे सांगितले आणि शून्य असले तरी खड्ड्याजवळ जपून, असे पुन्हा बजावले.

ताई, तुमच्या सासूबाईंना एवढे सांगा की ‘नेहमीचेच आहे’ हे त्यांचे म्हणणे ज्वालामुखीपुरते शंभर टक्के खरे आहे. भिंतीची तडक उभी आहे की तिरकी, खिडकीच्या कोपऱ्यातून निघाली आहे की पायातून, आणि तिच्यात पोस्टकार्डाची कड शिरते का, हे पाहून कळवा. भिंत मातीची की विटांची, तेही लिहा. बाकीचे पुढच्या अंकात.